निवाऱ्यात पोराला घेतात का? बेघर बायका, त्यांची कुटुंबं आणि महापालिकेचा पैसा

दादरच्या फूलबाजारात पहाटे मोगरा स्वस्त मिळतो. तो घ्यायचा, पुलाखाली बसून गजरे ओवायचे आणि संध्याकाळी सिग्नलला विकायचे, हा तिचा धंदा. मूळची मराठवाड्यातली. मोठा पोरगा चौदा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची. धाकटीचा शाळेचा गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुलाच्या खांबामागच्या खोबणीत ठेवलेला असतो, कारण पुलाखाली कोरडी जागा तेवढीच. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी तिला महापालिकेच्या निवारा केंद्राबद्दल सांगितलं. गादी मिळते का, जेवण मिळतं का, यातलं काही तिनं विचारलं नाही.

"पोराला घेत्यात का ओ ताई तिथं?" एवढंच म्हणाली.

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की सरकारी योजना, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि महापालिकेचा अर्थसंकल्प असं सगळं उलगडत जातं. बेघरांच्या निवाऱ्यांना ज्या केंद्रीय योजनेतून पैसा मिळायचा, तिची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. पुढे कोण किती देणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक शहराच्या दारात उभा आहे. म्हणून हा हिशोब मुळापासून समजून घेऊ.

बेघर म्हणजे नक्की कोण?

झोपडपट्टीत राहणारे बेघर नव्हेत. पत्र्याची का होईना, त्यांना भिंत आणि छप्पर असतं. जनगणनेच्या भाषेत, जे लोक इमारतीत किंवा घर म्हणून नोंदवलेल्या जागेत राहत नाहीत, तर रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहतात, ते बेघर.

२०११ च्या जनगणनेत त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. देशातल्या शहरांत ९ लाखांहून अधिक, महाराष्ट्राच्या शहरांत १ लाख ११ हजारांच्या आसपास आणि मुंबईत ५७ हजारांवर माणसं उघड्यावर सापडली. हे आकडे आता जुने झालेत, आणि ते जुळवतानाही माणसं हातची सुटलीच असणार. एकटी बाई रात्री दिसेल अशा जागी झोपतच नाही. दुकानाच्या फळीआड, हॉस्पिटलच्या नातेवाइकांच्या गर्दीत किंवा स्टेशनवर एखाद्या कुटुंबाला चिकटून ती रात्र काढते. मोजणाऱ्याला तर ती दिसत नाहीच, पण त्रास देणाऱ्यालाही दिसू नये, यासाठीच तिची सगळी धडपड असते. बेघर बायकांचा आकडा कुठेही वाचलात तर तो कमीच आहे असं धरून चाला.

हे महापालिकेचं काम कधीपासून झालं?

या प्रश्नाचा न्यायालयीन इतिहास मुंबईपासूनच सुरू होतो. १९८१ साली पदपथावरच्या वस्त्या हटवून लोकांना शहराबाहेर पाठवायचं सरकारनं जाहीर केलं, तेव्हा पदपथवासी आणि काही पत्रकार-कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो ओळखला जातो. १९८५ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयानं दिला नाही. पण ही माणसं तिथे राहतात ती रोजगार जवळ असतो म्हणून, हे कायद्याच्या कागदावर आलं. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी त्याच सुमारास 'महिला मिलन' ही संघटना उभी केली. पै-पै साठवून घराची तयारी करणाऱ्या त्या बायकांचं काम आज जगभर अभ्यासलं जातं.

निवाऱ्याचा मुद्दा पुढे आला तो दिल्लीच्या थंडीतून. २०१० च्या जानेवारीत गारठून माणसं मरत होती आणि अन्न अधिकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चालू होता. त्यातच निवाऱ्याचे आदेश निघाले आणि त्यांची व्याप्ती इतर मोठ्या शहरांपर्यंत गेली. त्यातून आलेला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: शहराच्या दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय होईल असा कायमस्वरूपी, चोवीस तास उघडा निवारा. माणशी जागा किमान ५० चौरस फूट.

५० चौरस फूट म्हणजे पाच फूट बाय दहा फूट. एक पलंग, एक ट्रंक आणि उभं राहून कपडे बदलण्यापुरती जागा. आई आणि दोन मुलं धरली तर दीडशे चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आज जे ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, त्याच्या निम्मं.

आता हाच नियम मुंबईला लावून बघा. २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे आणि त्यांत १२,४०० माणसांची सोय. बेघर मोजले गेले ५७ हजारांवर. म्हणजे नियम काटेकोर पाळला तरी पाचातल्या एकालाच जागा मिळेल, आणि १२४ च्या जवळपासही मुंबई अजून पोचलेली नाही. नियमात 'किमान' असं लिहिलं होतं. आपण ते कमाल धरलं आणि तेही गाठलं नाही.

पैसा येतो कुठून?

२०१३ साली केंद्रानं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू केलं. पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय योजना हे नाव जोडलं गेलं. 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा त्याचाच एक भाग. बहुतेक राज्यांसाठी सुरुवातीला ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा होता. नंतर हे प्रमाण ६०–४० झालं. जागा शोधणं, निवारा बांधणं किंवा जुनी इमारत दुरुस्त करून घेणं आणि तो चालवायला संस्था नेमणं हे काम महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं.

इथे खर्चाचे दोन प्रकार समजून घ्यायला हवेत. इमारत, शौचालयं, पलंग यांवर एकदाच होतो तो भांडवली खर्च. पगार, वीजबिल, पाणी, फिनेल, औषधं यांसाठी दर महिन्याला लागतो तो चालू खर्च. गावात बोअर मारायला आमदार निधीतून पैसे मिळतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पण मोटारीचं वीजबिल भरायला आणि जळालेली वायंडिंग बदलायला कुणी पुढे आलं नाही, तर दोन वर्षांत बोअरवर झाकण पडतं. निवाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच आहे. बांधायला पैसा मिळतो आणि चालवायला अडतो.

योजनेनं चालवण्याच्या खर्चाचाही विचार केला होता, हे तिचं श्रेय. ५० माणसांच्या निवाऱ्यासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरले आणि त्यातला केंद्राचा वाटा पाच वर्षं द्यायचं ठरवलं. पाच वर्षांनंतर स्थानिक संस्थांनी तो भार उचलावा अशी कल्पना होती. मोठ्या महापालिकेला ते जमण्यासारखं आहे. पण पाणीपट्टी-घरपट्टीतून कर्मचाऱ्यांचे पगार कसेबसे निघणाऱ्या नगरपरिषदेनं ते कुठून करायचं?

संस्थेपर्यंत पैसा पोचण्याची वाटही लांबची आहे. संस्था बिलं देते, महापालिका तपासते आणि 'दिलेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला' असा दाखला वर पाठवते. याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. कुठेतरी एक कागद अडला की निवाऱ्यातल्या काळजीवाहकाचा चार महिन्यांचा पगार अडतो. त्या काळात स्वतःच्या खिशातून चालवू शकेल अशीच संस्था टिकते. चांगलं काम करणाऱ्या छोट्या संस्था अशाच गळून पडतात.

दिवसाला ३३ रुपये

६ लाखांना ५० नं भागा. माणशी वर्षाला १२ हजार, महिन्याला हजार, दिवसाला ३३ रुपये. मुंबईत दोन वडापावांपलीकडे यात फारसं काही येत नाही.

उलट बाजूनंही मोजून बघू. निवारा चोवीस तास उघडा ठेवायचा तर आठवड्याला १६८ तास कुणीतरी हजर पाहिजे. एक कर्मचारी आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे दारात फक्त एक माणूस कायम बसवायचा म्हटलं तरी साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपणं धरली की चार. चौघांना महिन्याला १२-१२ हजार दिले तर ४८ हजार झाले. योजनेचे महिन्याचे एकूण पैसे किती? ५० हजार. उरलेल्या दोन हजारांत वीज, पाणी, सफाई, चादरी धुणं आणि व्यवस्थापकाचा पगार भागवायचा.

हे भागत नाही. मग चारांच्या जागी दोनच माणसं ठेवली जातात आणि दुपारी निवाऱ्याला कुलूप लागतं. कागदावर चोवीस तासांचा असलेला निवारा संध्याकाळी सातला उघडतो, सकाळी आठला बंद होतो.

बाईचा हिशोब वेगळा का?

आता पुलाखालच्या त्या गजरेवालीकडे परत येऊ.

सातला उघडून आठला बंद होणारा निवारा एकट्या हमालाला एक वेळ चालतो. तो पाठ टेकायला येतो, सकाळी नाक्यावर जातो. पण दीड महिन्याचं बाळ घेऊन आलेल्या बाईनं सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुठे जायचं? शाळेतून साडेबाराला सुटलेल्या मुलीनं? तापानं फणफणलेल्या म्हातारीनं? त्यांच्यासाठी दिवसा बंद असलेला निवारा म्हणजे रोज सकाळी नव्यानं बेघर होणं.

हा दर ठरवताना डोळ्यांसमोर एकटा पुरुष होता, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईसाठी लागणाऱ्या गोष्टी त्यात बसतच नाहीत. रात्रपाळीला बाईच कर्मचारी हवी. आतून कडी लागणारी न्हाणीघरं हवीत. सॅनिटरी पॅड आणि ते टाकायची सोय हवी. बाळाचं दूध गरम करायला शेगडी हवी. आणि कुलूप लागणारी पेटी तर हवीच, कारण आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, जपून ठेवलेले चार पैसे आणि एखादं मंगळसूत्र हेच तिचं घर असतं. पदपथावर अतिक्रमण हटवायची गाडी आली की सामानाबरोबर हे कागदही जातात, आणि मग रेशनपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी पाहिलेल्या एका निवाऱ्यात प्रत्येक पलंगाखाली पत्र्याची लहान ट्रंक होती. तिथल्या बायकांना इथलं सगळ्यात चांगलं काय वाटतं असं विचारलं, तर तिघींनी ट्रंकेवर हात ठेवून दाखवला.

दुसरा फरक संख्येचा. शंभर पुरुषांचा एक मोठा हॉल चालवणं स्वस्त पडतं. बायका-मुलांचा निवारा वीस-तीस जणांचाच नीट चालतो. त्याहून मोठा झाला की मुलांवर लक्ष राहत नाही, भांडणं वाढतात. पण दारात बसणारी माणसं दोन्हीकडे तेवढीच लागतात. खानावळीत ताटं निम्मी झाली म्हणून जागेचं भाडं निम्मं होत नाही, तसंच हे. म्हणून माणशी दर ठेवला की बायकांचा निवारा घ्यायला कुणी संस्था पुढे येत नाही. उपाय अवघड नाही: निवारा उघडा ठेवायचा खर्च ठोक द्यावा, आणि जेवण-साबण-औषधांसारखा खर्च माणशी द्यावा.

आणि तिसरा फरक तिच्या प्रश्नातला. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांचे, स्त्रियांचे, कुटुंबांचे आणि आजारी-वृद्धांसाठीचे असे निवाऱ्यांचे प्रकार सांगितलेत. स्त्रियांच्या निवाऱ्यात तिच्यावर अवलंबून असलेली अल्पवयीन मुलं राहू शकतात. कायद्यानं अठरापर्यंत मूल अल्पवयीनच. पण बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाहिला की बायकांच्या निवाऱ्यात कुरबूर सुरू होते, आणि तीही निराधार म्हणता येत नाही. एकाच हॉलमध्ये तरुण मुलीही झोपलेल्या असतात. मग सांगतात, मुलाला मुलांच्या निवाऱ्यात ठेवा. नवरा असेल तर त्यानं पुरुषांच्या निवाऱ्यात जायचं. चौघांच्या कुटुंबानं तीन पत्त्यांवर झोपायचं. अशा वेळी आई पूल निवडते. मीही तोच निवडला असता.

याला उत्तर म्हणजे कुटुंबांचे निवारे: अर्ध्या भिंतीची का होईना, प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक न्हाणीघर. यांना जागा जास्त लागते, म्हणून ते सगळ्यात कमी बांधले जातात.

पण निवारे तर रिकामे पडतात!

हा आक्षेप खरा आहे. काही निवाऱ्यांत निम्मे पलंग मोकळे असतात. मात्र तो निवारा कुठे आहे आणि कुणासाठी आहे, हेही बघा. फूलबाजारात पहाटे चारला पोचायचं असलेल्या बाईला शहराच्या दुसऱ्या टोकाचा निवारा काय कामाचा? पहिली लोकल पकडली तरी मोगऱ्याचा भाव हातचा गेलेला असतो. ज्या रस्त्यावर प्रवासीच नाहीत तिथून बस फिरवायची आणि रिकामी धावते म्हणून बंद करायची, असा हा प्रकार होतो. शिवाय पुरुषांच्या निवाऱ्यातला रिकामा पलंग बाईच्या उपयोगाचा नसतो, पण टक्केवारीत दोन्ही एकत्र मोजले जातात.

एक भीतीही आड येते. १९५९ सालच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पूर्वापार लोकांना उचलून भिक्षेकरी गृहात टाकलं जाई. दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केल्या, महाराष्ट्रात कायदा आहे. सरकारी माणूस 'चला, सोय करतो' म्हणाला की पदपथावरच्या म्हाताऱ्या बायकांना आधी तेच आठवतं. निवाऱ्यातून केव्हाही बाहेर पडता येतं, हे त्यांना आधी कुणीतरी ओळखीच्या माणसानं पटवून द्यावं लागतं. या रात्रीच्या फेऱ्यांसाठीही पैसा लागतो, आणि चालवण्याच्या खर्चात सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते.

बायकांसाठी सरकारी गृहं आहेत ना आधीच?

आहेत, पण ती वेगळ्या कामाची. कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्या, फसवणुकीतून सोडवलेल्या बायकांसाठी स्वाधारगृहं होती. ती आता 'शक्ती सदन' या नावानं चालतात. नोकरी करणाऱ्या बायकांची वसतिगृहं म्हणजे 'सखी निवास'. तातडीच्या मदतीला वन स्टॉप सेंटर. तिथे दाखल व्हायला काही एक कारण आणि कागद लागतो. बाहेर जाण्यायेण्यावर बंधनं असतात. पहाटे बाजारात जाऊन रात्री नवाला परतणारी, दोन मुलांची आई, नवरा कधी असतो कधी नसतो, मारहाणीची तक्रार केलेली नाही, अशी बाई यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. तिची अडचण एकच आहे, तिला घर नाही.

ही बाहेरून आलेली माणसं. त्यांचा भार आपण का उचलायचा?

मुंबईच्या पदपथावरची किती कुटुंबं महाराष्ट्रातलीच आहेत, हे जरा थांबून बोललं की कळतं. १९७२ च्या दुष्काळात आलेल्यांची आता तिसरी पिढी आहे. पारधी समाजातली कुटुंबं आहेत. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांत त्यांचे पूर्वज होते. १९५२ साली तो शिक्का कायद्यानं पुसला, पण गावात घर मिळालं नाही आणि शहरात भाड्यानं कुणी देत नाही. आणि परप्रांतातून आलेल्या बाईलाही देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेनं दिलाय. तिनं ओवलेला गजरा आपण घेतो, तिनं उपसलेल्या वाळूवर आपल्या इमारती उभ्या राहतात.

निवारे दिले की आणखी लोंढे येतील, असंही म्हणतात. पाच बाय दहाच्या जागेसाठी गाव कुणी सोडत नाही. माणसं कामासाठी येतात, निवारा असो वा नसो.

निवारे कशाला? सरळ घरंच द्या की

हा सगळ्यात चांगला आक्षेप, आणि मला तो मनापासून पटतो. निवारा म्हणजे घर नव्हे. कुणाला दहा वर्षं निवाऱ्यात ठेवणं हे यश नाही.

पण घराच्या योजनांचं दार कशानं उघडतं ते बघा. पुनर्वसनाच्या घरासाठी ठरावीक तारखेपूर्वीची झोपडी दाखवावी लागते. पदपथावरच्या माणसाकडे झोपडी नसते, म्हणून पुरावाही नसतो. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरासाठी स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि त्यासाठी बँकेचं कर्ज. बँकेला पत्ता हवा. निवारा हा त्या साखळीतला पहिला पत्ता होऊ शकतो. त्यावर आधार निघतो, रेशन कार्ड निघतं, बँकेत खातं उघडतं, पोरीला जवळच्या शाळेत घेतात. योजनेच्या सूचनांतच निवाऱ्यातून या सगळ्याशी जोडून द्यायचं काम सांगितलंय. निवाऱ्यात राहणाऱ्याकडून उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्यापर्यंत शुल्क घ्यायलाही मुभा होती. महिन्याला सहा हजार कमावणाऱ्या बाईला ते ३०० ते ६०० रुपये पडेल. सार्वजनिक शौचालयात आणि अंघोळीला दर वेळी द्यावे लागणारे पैसे महिन्याला जोडले, तर पुलाखाली राहूनही तिचा खर्च यापेक्षा फार कमी नसतो.

आणि घर मिळेपर्यंतच्या पावसाचं काय? दिल्लीत थंडी मारते, म्हणून तिथे हिवाळी आराखडा बनतो. मुंबईत थंडी पडत नाही म्हणून निवाऱ्याची निकड कुणाला जाणवत नाही. पण जून ते सप्टेंबर चार महिने ओल्या चादरीवर झोपलेलं मूल कसं खोकतं ते एकदा ऐकावं.

मग एकूण किती लागतील?

मुंबई महापालिकेचा २०२५–२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. नियमाप्रमाणे १२,४०० माणसांचे निवारे जुन्याच दरानं, माणशी १२ हजारांनी चालवायचे तर वर्षाला साधारण १५ कोटी लागतात. शंभर रुपयांतले दोन पैसे.

समजा आपण तो दर चुकीचा मानला आणि अडीचपट केला, माणशी वर्षाला ३० हजार. आणि नियमापुरते न थांबता २०११ मधल्या सगळ्या ५७ हजारांची सोय करायची ठरवली. तरी खर्च १७१ कोटी. शंभर रुपयांतले २३ पैसे. यात जागेची किंमत धरलेली नाही, आणि मुंबईत जागा हेच मोठं कोडं आहे. पण बंद पडलेल्या शाळा, मंडयांचे वरचे मजले, वापरात नसलेली सभागृहं महापालिकेच्याच मालकीची असतात. कोडं अवघड आहे, पण न सुटणारं नाही.

लातूर, मालेगाव किंवा एखाद्या नगरपरिषदेची गोष्ट वेगळी. त्यांचं खरंच भागणार नाही, तिथे राज्याचा आणि केंद्राचा वाटा लागणारच. निवाऱ्यांच्या अंमलबजावणीची चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयापुढे आला, तेव्हा केंद्रानं सांगितलं की शहरी दारिद्र्य निर्मूलनाचं नवं अभियान आखलं जातंय आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याचाही विचार असेल. ते येईल तेव्हा दोन गोष्टी शोधा: स्त्रिया आणि कुटुंबांच्या निवाऱ्यांचा दर वेगळा ठेवलाय का, आणि चालू खर्च पाच वर्षांनी थांबणार आहे का. आपल्या शहराच्या अर्थसंकल्पातही निवाऱ्याच्या ओळीत मागच्या वर्षी किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष किती खर्च झाले, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ते मिळतात.

गजरेवालीला मी एका निवाऱ्यात घेऊन गेले होते. तिथल्या ताईंनी पाणी दिलं, धाकटीला मांडीवर घेतलं, जागा आहे म्हणाल्या. पोराकडे बघून मात्र त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "याची सोय दुसरीकडे करू." तिनं रजिस्टरवर अंगठा उठवायला पुढे केलेला हात मागे घेतला. जाताना तिनं त्यांना एक गजरा दिला आणि तिघं परत पुलाकडे निघाली.